मदत हवी आहे: ई-बुकसाठी भरवशाचा प्रकाशक कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी, कोथरूडला राहते, आईच्या 22 कथा टाइप करून तयार आहेत आणि तिला आता ई-बुकच काढायचंय (अप्पा बळवंत चौकात छापील पुस्तकांच्या प्रकाशकांकडे खेटे घालून झालेत, असो).

एका डिजिटल प्रकाशनवाल्याने 18 हजारांचं पॅकेज सांगितलं, त्यात आयएसबीएनचे (पुस्तकाचा ओळख क्रमांक) वेगळे 2 हजार! अहो तो तर भारतात सरकारकडून फुकट मिळतो ना? तिथेच शंका आली. मग करार वाचला तर हक्क "कायमस्वरूपी", ऑडिओबुकसकट, आणि रॉयल्टी "निव्वळ नफ्यावर", आता नफा किती ते ठरवणार कोण, तर तेच. कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात म्हणे, पण इथे तर मुद्दाम लिहूनच घेतायत. नमुन्याची फाइल मोबाईलवर उघडली तर "दुसऱ्या"चं "दुसर् या" झालेलं, आई म्हणाली हे कोण वाचणार.

किंडलवर (अ‍ॅमेझॉनचं ई-बुक दुकान) स्वतः टाकायचा पर्याय आहे, पण तिथे 70 टक्के रॉयल्टी हवी तर 90-90 दिवस दुसरीकडे ई-बुक विकता येत नाही.

कुणी मराठी ई-बुक काढलंय का? विक्रीचा हिशोब स्वतःला बघता येतो का, पुस्तक परत काढून घेता येतं का? करार कुणाकडून तपासून घेतलात? प्लीज अनुभव सांगा, सोमवारी त्यांना उत्तर द्यायचंय.