'एंजल ऑफ माय ड्रीम्स': एक गाणं की तीन?

बेसूर_बंडू (धागाकर्ता):
लिटल मिक्स या ब्रिटिश मुलींच्या ग्रुपमधल्या जेडच्या 'एंजल ऑफ माय ड्रीम्स'वर काल इथे कुणीतरी लिहिलं, "जेडचं हे गाणं म्हणजे तीन अर्धवट गाणी फेविकॉलने चिकटवलेली. लिटल मिक्स थांबल्यावर वेगळं दिसायचा अट्टहास." वाचून डोकंच फिरलं. सुरुवातीला ब्रिटिश गायिका सँडी शॉच्या 'पपेट ऑन अ स्ट्रिंग'चा (दोरीवरची बाहुली) तुकडा येतो, १९६७ची युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकलेलं गाणं. मग जेडची आर्त आळवणी, आणि ती रंगात येतेय तोवर खाली धडधडतं इलेक्ट्रो. ही आळवणी प्रियकराची नाहीच, गाण्याच्या धंद्याची आहे. 'सायको' ऐकू येतं ना, ती एक्स फॅक्टर हा ब्रिटिश टीव्ही गायन शो काढणाऱ्या सायमन कॉवेलच्या 'सायको' (Syco) या रेकॉर्ड कंपनीच्या नावावरची कोटी. लिटल मिक्स २०१८ला तिथूनच बाहेर पडल्या. मोडतोड मुद्दाम आहे!

कुर्ल्याची_कोकिळा:
तो "कुणीतरी" म्हणजे मी. कोटी कळली हो. म्हणून गाणं चांगलं होतं का? लिटल मिक्समधल्याच पेरीचं 'फर्गेट अबाउट अस' बघा, सरळ, गुणगुणता येतं.

बेसूर_बंडू:
आणि विसरताही येतं. नावातच सोय आहे.

टाळकरी:
उसना मुखडा घेऊन कसला आलाय प्रयोग? आमच्याकडे हळदीला जुन्या लावणीखाली धमधम ठेका लावतात, तो डीजेही प्रयोगशीलच म्हणायचा. परवा रात्री दोनपर्यंत खिडक्या थरथरत होत्या. पोलिसांना फोन केला तर...

बेसूर_बंडू:
टाळकरी, हळद वेगळ्या धाग्यावर. सँडी शॉला स्वतःलाच ते गाणं आवडत नव्हतं, तरी जन्मभर त्याच गाण्याने ओळखली गेली. बाहुली उगाच नाही निवडली.

ठाण्याची_आई:
जेड एक्स फॅक्टरमधून २००८ आणि २०१०, दोनदा बाद झाली. २०११ला चौघींचा ग्रुप करून दिला तेव्हा जिंकली. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला एका वाहिनीच्या ऑडिशनला नेलं होतं. सकाळी साडेसातला रांगेत, तीनला नंबर, चाळीस सेकंदांत "थँक्यू बेटा". ती रडायला लागली तसा कॅमेरावाला पुढे सरसावला. गाताना मागे टेकून उभा होता.

कुर्ल्याची_कोकिळा:
मग नेलंत कशाला? आधी पोरांना रांगेत उभं करायचं, मग धंद्याच्या नावाने गळे काढायचे!

ठाण्याची_आई:
तुम्हाला मुलं आहेत का?

कुर्ल्याची_कोकिळा:
दोन. दोघंही बेसुरे, देवाची कृपा.

टाळकरी:
आईंना असं बोलायचं काम नाही. (डीजेवरचं मत कायम.)

ठाण्याची_आई:
राहू द्या. हट्ट तिचा होता असं सगळ्यांना सांगते. माझाच होता. परवा जेडचं गाणं लावलं, तर आळवणी संपून ठेका बदलला तशी लेक म्हणाली, "आई, इथे कॅमेरा आला."

बेसूर_बंडू:
माझ्या अख्ख्या धाग्यापेक्षा हे भारी.

कुर्ल्याची_कोकिळा:
लेक हुशार आहे, आईवर गेलेली दिसत नाही. असो. आज लोकलमध्ये दोनदा ऐकलं. ब्रिटनमध्ये सातव्या नंबरपर्यंत गेलं म्हणजे माझ्यासारखे आणखीही फसले असणार. मुखडा चांगला आहे. सँडी शॉचा.