बांजाच्या जंगलात नवी झाडं का येत नाहीत? गुरांमुळेच का?

मुलुंडकरीण:
मे महिन्यात ताईच्या सासरी, उत्तराखंडात अल्मोड्याजवळच्या गावात, आठवडाभर होते. गावामागे बांजाचं जंगल आहे. बांज म्हणजे तिकडचा ओक. मोठी झाडं पुष्कळ, पण चाऱ्यासाठी वरपर्यंत छाटलेली. आणि कमरेएवढं झाड एकसुद्धा नाही! इथे मुलुंडला नॅशनल पार्कच्या कडेला पावसाळ्यात पाय ठेवीन तिथे रोप असतं, म्हणून ते फारच खुपलं.

एक गुडघ्याएवढं झुडूप दिसलं. पान उलटलं तर खालून पांढरट, म्हणजे बांजच. खोड माझ्या अंगठ्याहून जाड, शेंडा न् शेंडा खुडलेला. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते एवढंच आहे." तेव्हापासून ते झुडूप डोक्यातून जात नाही. गुरं बंद केली तर जंगल वर येईल का?

दादरचा_मास्तर:
ताई, गुरं हे मोठं कारण, पण एकटं नव्हे. ओकची बी सुकली की मरते. पाल्याखाली ओलीत राहिली तरच रुजते. तिकडे पडलेला पाला गोठ्यात अंथरायला आणि खताला झाडून नेतात, मग बी उघडी पडते. वानरं आणि कीड खातात ते वेगळंच. छाटलेल्या झाडाला मुळात फळंच कमी धरतात. खुरांनी जमीन घट्ट झाली की कोवळं मूळही आत शिरत नाही.

पण ते झुडूप मेलेलं नाही! ओक खुडला तरी बुडाशी पुन्हा फुटतो. त्याची मुळं केव्हाच खोल गेलेली असणार. नवीन रोप लावण्यापेक्षा तेच आधी राखा.

आरेवाला:
माझं लहानपण आरेत गेलं. गुरांच्या वाटेवर ऐनाचं रोप टिकायचं ते फक्त करवंदीच्या जाळीत. जाळीतून डोकं वर काढेपर्यंत गुरांचं तोंड तिथे पोचत नाही. युरोपातही ओकची रोपं अशीच काटेरी झुडपांच्या आडोशाने वाढतात. कुमाऊँत, म्हणजे अल्मोड्याच्या भागात, किल्मोडा, घिंघारू ही काटेरी झुडपं आहेत. साफसफाईच्या नावाखाली ती तोडू नका, एवढं कळकळीने सांगा.

मुलुंडकरीण:
काल ताईशी बोलले. सगळं जंगल बंद करणं तिला पटत नाही, आणि तिचं बरोबर आहे. चारा लांब गेला की डोक्यावरचा भारा बायकांच्याच वाट्याला येतो.

दादरचा_मास्तर:
सगळं बंद करूच नका. तिकडे १९३१च्या नियमांपासून वनपंचायती, म्हणजे गावाचं जंगल सांभाळणाऱ्या गावाच्याच समित्या, आहेत. गावाने ठरवून एक उतार राखायचा, बाकीचे चरायला मोकळे. मात्र एखाद-दोन वर्षांत उघडलात तर सगळं पाण्यात. बांज सावकाश वाढतो, शेंडा गाईच्या तोंडापेक्षा उंच गेल्यावरच उघडा. आणि छाटणी आवरा, नाहीतर मोकळ्या उन्हात चीड, म्हणजे तिकडचा पाइन, शिरतो. त्याच्या वाळक्या सुयांवर वणवा पसरतो, त्यात उरलीसुरली रोपंही जातात.

मुलुंडकरीण:
सगळं ताईला वाचून दाखवलं. सासूबाईंनी आज सकाळीच घिंघारूच्या फांद्या तोडून आणून त्या झुडपाभोवती रोवल्या. फोटो आलाय. वनपंचायतीच्या बैठकीत वरच्या उताराचा विषय त्या स्वतः काढणार आहेत.