मदत हवी आहे: प्रागच्या इमारतींवरचं बारीक काम फोटोत कसं आणावं?

वाड्यातली_माई

नमस्कार मंडळी,

मुलगा नोकरीनिमित्त प्रागला असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर त्याच्याकडे जातेय, नोव्हेंबरअखेरपर्यंत मुक्काम. तो आणि सूनबाई दिवसभर ऑफिसात, म्हणजे दिवसा मी, ट्रामचा पास आणि कॅमेरा. उभी हयात आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग बोर्डावर गेली, त्यामुळे अख्खी इमारत बघायच्या आधी नजर जाते ती दारावरच्या कमानीकडे, छज्जाखालच्या कंगोऱ्याकडे, कठड्याच्या लोखंडी वेलबुट्टीकडे. किल्ला, चार्ल्स पूल आणि ते खगोलघड्याळ यांचे फोटो मला काढायचे नाहीत. ते जगानं काढून ठेवलेत.

मागच्या वेळी उन्हाळ्यात गेले होते तेव्हाचे फोटो समोर ठेवून अडचणी लिहिते:

१. वरच्या मजल्यावरचं काही टिपलं की इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. ओळंब्यात उभी असलेली भिंत अशी कललेली बघून माझ्या डोळ्यांना त्रास होतो.

२. प्रत्यक्षात चांगलं चार बोटं पुढे आलेलं काम फोटोत सपाट दिसतं, स्टिकर चिकटवल्यासारखं.

३. घरी आल्यावर कुठला सिंह कुठल्या दारावरचा, पत्ता लागत नाही.

कॅमेरा निकॉन डी५३००, सोबत आलेली १८-५५ लेन्स. शिवाय फोन, त्यात तीन पट झूम आहे. लांबची लेन्स घ्यावी का? ट्रायपॉड न्यावा का? गुडघे कुरकुरतात, तेव्हा चढ कमी असलेले रस्तेही सुचवा.

टवाळ_तात्या

माई, प्रागला जाऊन दारांचे फोटो? दारूचे काढा, तिथे बिअर पाण्यापेक्षा स्वस्त असते म्हणतात.

(आता जाणकार येतीलच. मी खुर्ची धरून बसलोय.)

एफस्टॉप

पहिल्या अडचणीचं कारण सोपं आहे. कॅमेरा वर उचलला की सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही, म्हणून उभ्या रेघा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. जितकं जवळ उभं राहून मान वर कराल तितकं जास्त. त्यामुळे इलाज एकच, लांब जायचं आणि लांबून जवळ आणायचं. समोरच्या फुटपाथवर, शक्य असेल तर चौकाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर उभं राहा. तिथून २०० मिमीच्या लेन्सनं तिसऱ्या मजल्यावरचा मुखवटा घेतलात तर कॅमेरा जेमतेम पंधरा-वीस अंश वर करावा लागेल आणि कललेपणा जवळजवळ जाणवणार नाही. म्हणून लांबची लेन्स घ्याच. ५५-२०० पुरेशी आहे.

उरलेला कल घरी काढता येतो. स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये पर्स्पेक्टिव्हचं टूल आहे, फोनवरच चालतं, फुकट आहे. पण फोटो सरळ करताना कडा कापल्या जातात, त्यामुळे काढतानाच विषयाच्या चारही बाजूंना ऐसपैस जागा सोडा.

ट्रायपॉड घरी ठेवा. अरुंद फुटपाथवर लोक अडखळतात आणि तुम्हाला ओझं. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करा, शटर १/३२० सेकंदापेक्षा संथ होऊ देऊ नका.

ओळंबा

एफस्टॉप, लेन्सचं एवढं काय? बारकाव्यांना लेन्स नाही, ऊन लागतं. माईंची खरी अडचण दुसरी आहे आणि तिच्यावर तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत.

माई, तुम्ही ड्रॉइंगवर सावल्या टाकल्या असतील ना? प्रकाश डावीकडून वरून, पंचेचाळीस अंशांत. तेच इथे. समोरून ऊन असलं की सावलीच पडत नाही, काम सपाट दिसतं. ऊन भिंतीला घासून जात असेल तेव्हा एक सेंटिमीटरचा उठावही दिसतो. तुम्ही जाताय तो काळ यासाठी उत्तम आहे. नोव्हेंबरच्या मध्याला प्रागमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून वीस-बावीस अंशांवरच असतो. म्हणजे आपल्याकडचं सकाळचं कोवळं ऊन तिथे दिवसभर, अर्थात ढग नसले तर.

याचा खरा फायदा बघायचा असेल तर व्हिशेग्राड या जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी नेक्लानोवा रस्त्यावर ३० नंबरची इमारत बघा. योसेफ खोखोल नावाच्या वास्तुकारानं १९१३-१४ मध्ये बांधलेली, क्युबिस्ट शैलीची. घरं बांधण्यात क्युबिझम आणला तो मुख्यतः चेक मंडळींनीच. तिथे वेलबुट्टी नाही, चेहरे नाहीत, आहेत ते नुसते तिरके पैलू. तिरक्या उन्हात एक पैलू पांढरा, शेजारचा करडा, तिसरा काळा. ढगाळ दिवशी गेलात तर त्याच भिंतीवर काही विशेष दिसणार नाही. ड्रॉइंग बोर्डावर काम केलेल्या माणसानं ही इमारत चुकवू नये.

ब्रनोकर

माई, मी बरीच वर्षं चेकमध्ये आहे, प्रागला येणं-जाणं चालू असतं. ओळंबा म्हणतात ते बरोबर, पण नोव्हेंबरात इथे ऊन मिळणं हा नशिबाचा भाग. आठवडाभर आभाळ राखाडी राहू शकतं. त्यामुळे उन्हाच्या दिवसाची आणि ढगाळ दिवसाची अशा दोन वेगळ्या याद्या करा.

ढगाळ दिवसासाठी स्ग्राफितो. गिलाव्याचे दोन वेगळ्या रंगांचे थर देतात आणि वरचा ओला असतानाच खरवडून खालचा रंग उघडा करतात. हे काम मुळातच सपाट असतं, त्याला सावलीची गरज नाही. उलट उन्हात अर्धी भिंत उजळ, अर्धी काळी झाली की चित्र फाटतं. जुन्या चौकात टाऊन हॉलला लागून ‘उ मिनुती’ नावाचं घर आहे, त्यावर माणसांची चित्रं अशीच खरवडलेली आहेत. (लहानपणी लेखक काफ्का या घरात राहायचा. त्याच्या नावाच्या पाट्यांसमोर गर्दी असते, चित्रांखाली कमी.) दुसरा श्वार्झेनबर्ग राजवाडा, किल्ल्यासमोरच्या चौकात. त्याची भिंत लांबून पाहिली तर टोकदार घडवलेल्या दगडांची वाटते. जवळ जाऊन बघा, सगळी सपाट, नुसती रेघोट्यांची करामत. याचे दोन फोटो घ्या, एक लांबून आणि एक भिंतीला खेटून तिरका. दुसऱ्यात फसवणूक उघडी पडते.

आता गुडघ्यांसाठी. नेरुदोवा रस्ता तुम्हाला हवाच, कारण तिथल्या घरांवर जुनी चिन्हं आहेत: तीन व्हायोलिनं, सोन्याचा पेला, लाल सिंह, पांढरा हंस, दोन सूर्य. घरांना नंबर नव्हते तेव्हा पत्ता सांगायला ही चिन्हंच होती. पण रस्ता चांगलाच चढाचा आहे आणि सगळे पर्यटक खालून वर धापा टाकत जातात. तुम्ही २२ नंबरच्या ट्रामनं वर पोहोरझेलेत्सला उतरा, श्वार्झेनबर्ग बघा आणि मग नेरुदोवानं रमतगमत खाली या. खाली मालोस्त्रान्स्के चौकात तीच ट्राम परत मिळते.

उतरताना उजव्या हाताला विषम नंबर येतात. ती घरं उत्तराभिमुख आहेत, हिवाळ्यात त्यांच्यावर ऊन पडतच नाही. दोन सूर्यांचं घर ४७ नंबर, याच बाजूला. ते चिन्ह सावलीतच घ्यावं लागतं, त्यामुळे ढगाळ दिवशी गेलात तरी नुकसान काही नाही. तीन व्हायोलिनं १२ नंबरवर, डाव्या हाताला, तिथे दुपारी समोरच्या छपरांवरून ऊन येईल तेवढंच. पाच नंबरवर मोर्झिन राजवाडा आहे. त्याचा सज्जा दोन मूर (उत्तर आफ्रिकी) पुरुषांच्या खांद्यांवर तोललेला आहे, मूर्ती फर्डिनांड ब्रोकॉफच्या, १७१४ च्या. त्यांचे फोटो लोक समोरून काढतात. तुम्ही बाजूनं घ्या, म्हणजे मान आणि खांद्यावरचा भार दिसेल. आत रोमेनियाचा दूतावास आहे, दारातल्या पहारेकऱ्याकडे बघून हसलात तरी पुरे.

वाड्यातली_माई

ब्रनोकर, किती नेमकं लिहिलंत! चढ उलटा उतरायचं डोक्यातच आलं नसतं.

ओळंबा, पंचेचाळीस अंशांच्या सावल्या टाकण्यात उमेदीची वर्षं गेली हो. ते वाचून हात शिवशिवले.

तिसऱ्या अडचणीचं कुणी सांगेल का? फोनवर जागेची नोंद होते, पण गल्लीबोळात ती समोरच्या घरावर दाखवते. आणि जुना कॅमेरा तर नोंद ठेवतोय की नाही याची मला खात्रीच वाटत नाही.

गिरगाववाली

माई, यावर प्रागनंच उत्तर देऊन ठेवलंय. तिथल्या प्रत्येक घरावर दोन पाट्या असतात, एक लाल, एक निळी. निळीवरचा नंबर रस्त्यातला क्रमांक, आपल्यासारखाच, एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम. लाल नंबर घराचा स्वतःचा, आणि त्या विभागात तो दुसऱ्या कुठल्याही घराला नसतो. हे नंबर १७७० मध्ये ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाच्या राजवटीत सुरू झाले. लाल पाटीवर बहुतेक वेळा विभागाचं नावही लिहिलेलं असतं.

तर सवय एकच लावायची: आधी लाल पाटीचा फोटो, मग अख्ख्या दर्शनी भागाचा एक, मग हवे तितके बारकावे. घरी आल्यावर पाटी दिसली की नवं घर सुरू झालं, समजायचं. त्या नंबरावरून चेक वारसा संस्थेच्या ऑनलाइन स्मारक-सूचीत इमारत सापडते, कधी बांधली, कुणी बांधली तेही बहुधा मिळतं. मी याच पद्धतीनं मुंबईत करायला गेले, पण आमच्या गल्लीत नंबराची पाटी शोधायलाच अर्धा दिवस जातो.

अख्ख्या दर्शनी भागाचा फोटो कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका. बारकावा कुठे बसवलाय हे कळल्याशिवाय तो का तसा आहे ते कळत नाही. सेलेत्ना रस्त्यावर योसेफ गोचारचं काळ्या मॅडोनाचं घर आहे, १९१२ चं, क्युबिस्ट. त्याच्या कोपऱ्यावर सोनेरी जाळीच्या पिंजऱ्यात एक मॅडोना, म्हणजे मेरीमातेची मूर्ती, बसवलेली आहे. नुसत्या मॅडोनाचा फोटो घेतला तर एक बारोक मूर्ती, एवढंच. सोबत भोवतीच्या तिरक्या खिडक्या आल्या तर कळतं की जुन्या घरावरची मूर्ती नव्या शतकाच्या इमारतीनं सांभाळून घेतलीय. आत जाऊन जिन्याच्या तळाशी उभं राहून वर बघाच. कठड्याचा आकार विजेच्या बल्बसारखा दिसतो. हा एक फोटो मान वर करूनच काढायचा, एफस्टॉप माफ करतील.

आणि जायच्या आधी मुंबईला येणं होणार असेल तर सीएसएमटीवर एक सकाळ सराव करा. दगडातले प्राणी, पानं, मुखवटे, सगळं वर आहे, गर्दी आहे, समोर रस्ता ओलांडून उभं राहायला जागा आहे. इथे जमलं की तिथे सोपं जाईल.

एफस्टॉप

माफ केलं :)

सोनेरी चिन्हांबद्दल एक. कॅमेरा आजूबाजूच्या करड्या भिंतीवरून प्रकाश मोजतो आणि सोनं पांढरंफटक होतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) उणे ०.७ ठेवा. ढगाळ आभाळासमोर छपराच्या कडेवरचे पुतळे घेताना उलटं, अधिक १, नाहीतर नुसती काळी आकृती येईल. आणि रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) फाइल ठेवा, सावल्या नंतर उघडता येतात.

ओळंबा, ऊन लागतं हे मान्य. पण तिसऱ्या मजल्यावरचं ऊन १८-५५ नं टिपून दाखवा, मग बोलू.

ओळंबा

छापून मोठं करायचं नसेल तर १८-५५ नं काढून कापून घेता येतं. २४ मेगापिक्सेल आहेत त्या कॅमेऱ्यात. पण बरं, माईंचे गुडघे आणि दीड महिन्याचा मुक्काम बघता लेन्स घ्यावी, एवढी माघार घेतो.

टवाळ_तात्या

ओळंबानं माघार घेतली! धाग्याला सोन्याच्या पेल्याचं चिन्ह लावा.

माई, एक गंभीर प्रश्न. लोकांच्या घरांवर दुर्बिणीसारखी लेन्स रोखून उभं राहिलं तर कुणी हटकत नाही का?

ब्रनोकर

रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतींचे आणि कायमच्या बसवलेल्या शिल्पांचे फोटो काढायला चेक कायद्यात मुभा आहे. प्रश्न शिष्टाचाराचा. उघड्या खिडकीत माणूस दिसला तर कॅमेरा खाली घ्यायचा. कुणी बघत राहिलं तर ‘दोब्री देन’ (नमस्कार) म्हणायचं आणि बोटानं वरचा मुखवटा दाखवायचा. म्हातारी माणसं तर खूश होतात, कधी दार उघडून आतला जिनाही दाखवतात. मात्र दार उघडं दिसलं म्हणून आपणहून आत शिरू नका.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं तासभर मागे जातात. त्यानंतर पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, नोव्हेंबरअखेरीस तर चारच्या सुमारास. उन्हाच्या यादीतलं काम जेवणाआधी उरका. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी घ्या आणि ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवा.

वाड्यातली_माई

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन याद्या वहीत काढल्या. उन्हाच्या यादीत नेक्लानोवा पहिलं, ढगाच्या यादीत श्वार्झेनबर्ग आणि नेरुदोवाची विषम बाजू.

शेवटचा प्रश्न. ओळखीच्या एकांकडे जुनी निकॉनची ७०-३०० पडून आहे, फुकटात देतायत. घेऊ, की ५५-२०० विकत घेऊ?

एफस्टॉप

लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलंय का बघा. डी५३०० मध्ये फोकसची मोटर नसते. जुन्या ‘एएफ’ लेन्स बसतात, पण फोकस हातानं फिरवावा लागतो. इमारत कुठे पळत नाही, तेव्हा तेही जमेल, फक्त डोळ्यांना ताण. ‘व्हीआर’ असेल तर उत्तमच, हात हलला तरी चालतं. घेण्याआधी लेन्स टॉर्चसमोर धरून आतून बघा. पडून असलेल्या लेन्समध्ये आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर फुकटातही नको.

वाड्यातली_माई

बघितली. एएफ-एस आहे, व्हीआर आहे, जाळं नाही. पुढच्या झाकणाचा मात्र पत्ता नाही.

एफस्टॉप

मग घ्या. झाकण कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत मिळेल. लेन्सच्या पुढच्या कड्यावर तिरक्या रेघेच्या गोलाशेजारी ६७ किंवा असा काही आकडा असेल, तो सांगा म्हणजे बरोबर मापाचं देतील.