मदत हवी आहे: व्हिडिओतल्या बाहुल्याची मुलीने धास्ती घेतली आहे

मुलगी पाच वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात आजोबांच्या मोबाइलवर बडबडगीतं बघताना आपोआप पुढचा व्हिडिओ लागला आणि त्यात हग्गी वग्गी आला. निळा, लांब हातांचा, तोंडभर टोकदार दातांचा. २०२१ साली आलेल्या एका भीतीदायक गेममधला हा राक्षस, पण दिसतो खेळण्यासारखा. आजोबांना कार्टूनच वाटलं, त्यांचा काही दोष नाही.

तेव्हापासून ती एकटी बाथरूमला जात नाही, रात्री दचकून उठते. परवा बाजारात तोच बाहुला टांगलेला दिसला, तर मला घट्ट बिलगून रडली. "आई, तो मिठी मारून खातो ना?"

ऑटोप्ले बंद केलंय. यूट्यूब किड्समध्ये फक्त मी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असं सेटिंगही केलंय. पण मनात बसलेली भीती कशी काढू? सासूबाईंनी दृष्ट काढली, त्या रात्री जरा शांत झोपली, एवढंच.

तुमच्यापैकी कोणाच्या मुलांना असं झालं होतं का? त्या बाहुल्याबद्दल तिच्याशी मोकळेपणाने बोलावं, की विषयच काढू नये? आत नुसता कापूस असतो हे दाखवलं तर भीती जाईल की वाढेल? आणि समुपदेशकाकडे न्यायला किती दिवस थांबावं?