शब्दचर्चा : अठराव्या शतकातला ‘प्रोजेक्टर’

प्रश्न : ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’च्या (१७२६) तिसऱ्या भागात लगाडो या काल्पनिक शहरातली अकादमी आहे, नवनवे प्रयोग करणाऱ्यांची संस्था. तिथल्या मंडळींना जोनाथन स्विफ्ट ‘प्रोजेक्टर’ म्हणतो. भिंतीवर चित्र पाडणारं यंत्र तर अभिप्रेत नाही. वाचनगटासाठी उतारा मराठीत करतेय. ‘शास्त्रज्ञ’ चालेल, की सरळ ‘शेखचिल्ली’ म्हणू?

उत्तर : दोन्ही नकोत. त्या काळी प्रोजेक्ट म्हणजे योजना, आणि ती मांडून तिच्यासाठी सनद, पैसा किंवा राजाश्रय मिळवू पाहणारा तो प्रोजेक्टर. शब्द मुळात वाईट नव्हे. डॅनियल डीफोने १६९७ साली अशा योजनांवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात पेढ्या, रस्ते, विमा, स्त्रियांसाठी विद्यालय असं बरंच काही आहे. मग १७२० साली साउथ सी या इंग्रजी व्यापारी कंपनीच्या शेअरांचा फुगा फुटला. जानेवारीत १२८ पौंडांच्या आसपास असलेला शेअर उन्हाळ्यात हजाराला टेकला आणि वर्षअखेरीस जवळपास मूळ भावावर आला. घरंदाज लोक बुडाले. स्विफ्टने त्यावर कविता लिहिली, तिच्या नावातही ‘प्रोजेक्ट’ आहे. पुढे सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात दोन्ही अर्थ शेजारीशेजारी येतात : योजना आखणारा, आणि अशक्यप्राय योजना आखणारा.

शेखचिल्लीचं नुकसान त्याच्यापुरतं असतं. लगाडोत काकडीतून सूर्यकिरण काढू पाहणारा गृहस्थ आठ वर्षं खपतोय, आणि यंदा काकड्या महागल्या म्हणून गलिव्हरपुढे हात पसरतो. शहराबाहेर तर याच योजनांपायी शेतं ओसाड पडलीत, लोकांच्या अंगावर चिंध्या आहेत. भुर्दंड दुसऱ्यांना बसतो, हे शब्दात आलं पाहिजे. शिवाय ‘शेखचिल्ली’ म्हटलं की वाचक आधीच हसून मोकळा होतो.

मी ‘योजक’ सुचवेन. ‘योजकस्तत्र दुर्लभः’मुळे आपल्याकडे या शब्दाला मान आहे, आणि तो मान इथे हवाच आहे. माणूस प्रतिष्ठित राहू द्या. त्याची योजना वाचकाने स्वतः तपासावी. स्विफ्टचा उपरोध असाच चालतो.

प्रश्न : मग स्विफ्टच्याच ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ या लेखाचा (१७२९) निवेदकही योजकच ना?

उत्तर : अगदी. आयर्लंडमधल्या गरिबांची मुलं वर्षाची झाली की श्रीमंतांना खायला विकावीत, ही त्याची योजना. हिशेब चोख : दरसाल १,२०,००० मुलं, त्यातली २०,००० पैदाशीला राखायची, उरलेली १,००,००० विक्रीला. चांगल्या पोसलेल्या मुलाचं वजन २८ पौंड, भाव दहा शिलिंग. आवाज कुठेही चढत नाही, म्हणूनच तो लेख अजून अंगावर येतो. सरकारी कागदात माणसांचे आकडे कसे होतात, हे इतकं नेमकं फार थोड्यांनी दाखवलंय.

अनुवादात खरी कसोटी इथे आहे. गरीब आईसाठी तो जनावराच्या मादीचा शब्द वापरतो. मूल तिच्या पोटातून ‘पडतं’. अशा बायका त्याच्या लेखी पैदाशीच्या. इंग्रजीत हा फरक सवयीने नजरेआड होऊ शकतो. मराठीत मात्र बाई बाळंत होते आणि म्हैस व्यायते. ही सीमारेषा लहान पोरालाही ठाऊक असते. तेव्हा ‘प्रसूती’, ‘माता’ असे सभ्य शब्द घालून ते वाक्य गुळगुळीत करू नका. ‘व्यायलेली’, ‘वेत’, ‘पैदास’ हेच शब्द येऊ द्या, आणि तेही निर्विकार, अहवाली सुरात.

फक्त शेवटच्या वाक्यात सांभाळा. तिथे निवेदक ग्वाही देतो की यात माझा काडीचा स्वार्थ नाही, कारण माझं धाकटं मूल नऊ वर्षांचं आहे आणि बायकोचं वय उलटलंय. स्वतःच्या बायकोबद्दल बोलताना तो माणसांचा शब्द वापरतो. तिथे ‘बाळंतपणाचं वय’ असंच लिहा.