सेला रोंडा ई-बाइकवर एका दिवसात होईल का? बायकोने घाटात सायकल कधी चालवलेली नाही

कोथरूडचा_पेडलवाला

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही बहिणीकडे म्युनिकला येतोय, मुलं तिच्याकडे सोडून मी आणि बायको मेव्हण्यांची गाडी घेऊन तीन दिवस इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांत जाणार. तिथे सेला डोंगराला प्रदक्षिणा घालणारा रस्ता आहे ना, त्यालाच सेला रोंडा म्हणतात, कँपोलोंगो, पोर्दोई, सेला आणि गार्देना असे चार घाट, तो भाड्याच्या ई-बाइकवर एका दिवसात करायचं डोक्यात बसलंय. ट्रेलबिल नाही, डांबरी रस्त्यानेच.

मी ४६, रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातो, वर्षातून एकदोनदा वर पण. बायको ४३, तिला सायकल येते पण घाटात कधीच नाही चालवली, रोजचं सगळं स्कूटरवर. मला सगळ्यात मोठं टेन्शन बॅटरीचं आहे, कारण एका व्हिडिओत बघितलं की तिसऱ्या घाटात बॅटरी संपली आणि तो बाबा एवढी जड सायकल ढकलत बसला. ५०० वॅट-अवरची बॅटरी पुरेल का मोठीच मागायची? कुठल्या दिशेने फिरावं? आणि बायको शाकाहारी आहे, अंडं चालतं, तर वर खायला काय मिळतं?

ती म्हणतेय तू जा, मी केबल कारने वर जाऊन कॉफी पीत बसते. पण मला तिला न्यायचंच आहे.

इन्सब्रुकवासी

दादा होईल, आरामात होईल. मी दोनदा केलंय, एकदा साध्या रोड बाइकवर (जीव गेला) आणि एकदा आईबाबा आले होते तेव्हा बाबांबरोबर ई-बाइकवर, ते ६१ चे होते तेव्हा.

आधी आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. कोर्वारा गावाहून निघून कोर्वारालाच परत, घड्याळाच्या दिशेने, साधारण ५३-५५ किमी. पहिला कँपोलोंगो १८७५ मीटर, छोटा आहे, सहा किमीत तीनशे मीटर चढ, अंग गरम होतं तेवढ्यात संपतो. मग उतरून अराब्बा गाव आणि तिथून पोर्दोई, २२३९ मीटर. हा खरा घाट, ९ किमी आणि वर, ३३ वळणं, प्रत्येक वळणावर नंबराची पाटी. सिंहगड चढताय ना, जवळपास तेवढाच चढ समजा, फक्त रस्ता गुळगुळीत आणि तीव्रता एकसारखी, आपल्यासारखं मध्येच छातीवर येत नाही. त्यानंतर कानाझेईच्या बाजूला उतरायचं पण गावापर्यंत जायचं नाही, त्याआधीच उजवीकडे सेला घाटाचा फाटा आहे तो पकडायचा. नाहीतर फुकटचे साडेतीनशे मीटर परत चढावे लागतात, बाबांनी आणि मी गप्पांच्या नादात बरोब्बर तेच केलं. सेला साडेपाच किमीच आहे पण चौघांत सगळ्यात खडा, सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास. शेवटचा गार्देना २१२१ मीटर, अगदी सोपा, आणि मग कोल्फोस्कोवरून खाली कोर्वारा.

एकूण चढ धरला तर १६५० मीटरच्या आसपास, म्हणजे समुद्रापासून कळसूबाई. आणि गंमत म्हणजे कोर्वारा गावच १५६८ वर आहे, कळसूबाईच्या डोक्याहून जेमतेम ८० मीटर खाली, तिथून तुम्ही *सुरुवात* करताय. त्यामुळे पहिल्या दिवशी धाप जरा जास्त लागली तर घाबरू नका.

दिशा घड्याळाचीच घ्या. मोठा पोर्दोई सकाळी होऊन जातो आणि दमल्यावर सोपा गार्देना उरतो. सकाळी आठच्या आत निघा. जुलैत दुपारी दोन-तीननंतर ढग येऊन गडगडाट ही तिथे रोजची गोष्ट, आणि वर घाटमाथ्यावर आडोसा म्हणजे हॉटेल नाहीतर काहीच नाही. रेनकोट आणि पातळ हातमोजे घ्याच, खाली २४ डिग्री असेल तर वर पोचून घामेजल्या अंगाने उतरताना दात वाजतात.

राहायला कोर्वारा किंवा कोल्फोस्को बघा. पलीकडच्या सेल्व्हा गावात राहिलात तर मूळ लूपला लागायलाच आधी अडीच-तीनशे मीटर चढावं लागतं. पाट्यांवर नावं दोन-दोन तीन-तीन असतात, इटालियन, जर्मन आणि लादिन (तिथली स्थानिक भाषा), म्हणजे गार्देना आणि ग्रोडनरयोख हे एकच, गोंधळू नका. हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता आणि एका दिवसाच्या सायकलीत तुम्ही इटलीचे तीन प्रांत पालथे घालता, बोल्झानो, बेल्लुनो आणि त्रेंतो.

घाटकिडा

मोटार लावून घाट चढायचा तर गाडीनेच जा की. जुन्या इटालियन सायकलपटू कोप्पीचं स्मारक आहे पोर्दोईवर, त्याच्यासमोर बॅटरीवाली सायकल लावून फोटो काढणार?

वॅट_किती

@घाटकिडा तुम्ही दरवेळी हेच लिहिता. सोडा.

बॅटरीचं गणित सांगतो, मला हे आवडतं. तुम्ही, सायकल, पाठपिशवी मिळून ११० किलो धरू. ते १६५० मीटर वर न्यायला नुसतं गुरुत्वाकर्षणालाच ४९५ वॅट-अवर लागतात. घर्षण, वारा वगैरे धरून म्हणा ५६०. आता हे सगळं मोटार देत नाही, ई-बाइक म्हणजे मोपेड नाही, पेडल मारलं तरच चालते. चढ एकूण २६ किमीचा आहे, ताशी १० ने गेलात तर अडीच तासांच्या वर पेडल मारणार, तुमचे पाय १०० वॅट सतत देत असतील (रविवारी सायकल चालवणाऱ्याला जमतं) तर २६० तुमचे. उरले ३००, मोटारीची कार्यक्षमता ७५-८० टक्के, म्हणजे बॅटरीतून गेले ४०० च्या आत. ५००ची बॅटरी पुरते, पण पायांनी काम केलं तरच. सगळीकडे टर्बोवर (मोटारीची जास्तीत जास्त मदत) टाकून नुसते पाय फिरवत बसलात तर तिसऱ्या घाटात तो व्हिडिओवाला बाबा तुम्हीच. ६२५ किंवा ७५० मिळत असेल तर वहिनींना ती द्या, विषय संपला.

मोड: कँपोलोंगो आणि गार्देना इकोवर (कमीत कमी मदत), पोर्दोई टूरवर (मधली), सेलाला हवं तर टर्बो. ताशी २५ च्या वर मोटार आपोआप सोडते, तो तिकडचा नियमच आहे, त्यामुळे उतारावर बॅटरी खर्च होत नाही. पण भरतही नाही! बऱ्याच जणांना वाटतं उतारावर चार्ज होईल, या मिड-मोटारवाल्या (पेडलपाशी मोटार असलेल्या) सायकलींत तसं काही नसतं. दुकानातून चार्जर मागून बरोबर ठेवा, जेवायला थांबाल तिथे विचारा, बऱ्याच ठिकाणी लावू देतात. ४ अँपिअरचा चार्जर असेल तर तासाभरात साधारण १४० वॅट-अवर जातात, म्हणजे एक सेला घाट निघाला. आणि पुण्याहून स्वतःची बॅटरी न्यायचा विचार असेल तर विसरा, १६० वॅट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही.

सायली_म्युनिक

सगळे चढाबद्दल बोलताय. दादा, चढ मोटार चढेल हो. उतार कोण उतरणार आहे? चार घाट म्हणजे चार उतार पण आहेत आणि २५ किलोची सायकल खाली धावते तेव्हा तिथे मोटार काही कामाची नाही.

तुम्ही लिहिलंय वहिनी रोज स्कूटर चालवतात, म्हणून मुद्दाम लॉगिन करून हे लिहितेय. आपल्या स्कूटरला डावा ब्रेक मागचा असतो. इकडच्या सायकलींना बहुतेक वेळा डावा ब्रेक पुढचा असतो. वीस वर्षं हाताला सवय आहे की घाबरलं की डावा दाबायचा, मागचं चाक धरतं, काही होत नाही. तेच इथे उतारावर केलं, आणि डिस्क ब्रेक आहेत, तर पुढचं चाक जागेवर थांबतं आणि आपण हँडलवरून पुढे. मी गावातल्या सपाट रस्त्यावर अशी पडलेय, मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं आणि ऑफिसात सगळ्यांना सांगावं लागलं की नाही, डोंगरात नाही, बेकरीसमोर. दुकानातून सायकल घेतली की आधी तिथल्या पार्किंगमध्ये अर्धा तास फिरा, कुठला ब्रेक कुठला ते हळूच दाबून बघा, आणि दुकानदाराला सांगून केबली अदलाबदल करून मिळतात का विचारायला जाऊ नका, हायड्रॉलिक असतात, तो वैतागतो. हाताला शिकवा.

उतरताना ब्रेक सतत धरून बसायचं नाही, डिस्क तापते आणि मग ब्रेक बसतच नाही. सरळ भागात सोडायचं, वळणाच्या *आधी* दोन्ही ब्रेक एकत्र दाबून वेग मारायचा, वळणात शक्यतो नाही. नजर वळण संपतं तिथे. आणि उजव्या बाजूने चालायचं आहे हे विसरू नका, चढताना विसरत नाही माणूस, फोटोला थांबून परत निघताना विसरतो.

वीकेंड टाळा, मोटारसायकलवाल्यांच्या झुंडी असतात आणि वळणात अगदी मधली रेघ धरून येतात. जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये सेलारोंडा बाइक डे असतो, त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत चारही घाट गाड्यांना बंद, फक्त सायकली. तुमच्या तारखांना बसत नाही पण कुणाला पुढे उपयोगी पडेल. जुलैच्या सुरुवातीच्या रविवारी माराटोना ही मोठी सायकल शर्यत असते १९८७ पासून, त्या दिवशी तिकडे फिरकूच नका.

खाण्याचं: काइझरश्मार्न घ्या, जाड गोड धिरडं तुकडे करून, अंडं असतं, एक प्लेट दोघांना पुरते. टोमॅटोचा पास्ता, मशरूम आणि चीज घातलेला पोलेंटा (मक्याच्या पिठाचा) मिळतो. कानेदेर्ली म्हणजे शिळ्या पावाचे मुटके, पालकाचे किंवा चीजचे मागा, साध्यात स्पेक म्हणजे डुकराचं मांस असतं. बार्लीचं सूप बघून शाकाहारी वाटतं पण त्यातही स्पेक, विचारूनच घ्या. पाण्याची चिंता नको, गावागावात कारंजी आहेत, बाटली भरायची.

कोथरूडचा_पेडलवाला

सायलीताई, ब्रेकचं माझ्या स्वप्नात आलं नव्हतं. बॅटरीचे दहा व्हिडिओ बघितले, एकानेही हे सांगितलं नाही. बायकोला वाचायला दिलं, ती म्हणाली "बघ, मी म्हणत होते ना कॉफी." ७५०ची बॅटरी सांगून ठेवलीये तिच्यासाठी, मला ५००.

घाटकिडा

ठीक आहे, वर जरा तिरकस लिहिलं. एक कामाचं सांगतो. कोर्वाराला पोचल्यावर आदल्या संध्याकाळी नुसता कँपोलोंगो करून या, वर आणि परत, तासा-दीड तासाचं काम. उतार जमतोय का तिथेच कळेल. नाही जमला तर दुसऱ्या दिवशी केबल कार आहेच, पोर्दोईवरून सास पोर्दोई शिखरावर जाते, २९५० मीटर, कॉफीही मिळते. आणि पोर्दोईवर कोप्पीला माझा नमस्कार सांगा, बॅटरी बंद करून.

कोथरूडचा_पेडलवाला

(तीन आठवड्यांनी) परत आलो मंडळी. झालं. पुढचं बायकोने लिहायचं ठरलंय, मला बोलायची परवानगी नाही.

मी वरच्या माणसाची बायको. घाटकिडा दादांचं ऐकून आदल्या संध्याकाळी कँपोलोंगो केला, मी पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं डावा-उजवा घोकत होते, तिथली दोन लहान मुलं माझ्याकडे बघत उभी. हा म्हणाला मला गरज नाही, मी सायकलवाला आहे. कँपोलोंगोच्या उतारावर तिसऱ्या वळणात समोरून बस आली आणि सायकलवाल्याने डावा दाबला. मागचं चाक वर आलं ते मी मागून बघितलं. पडला नाही, पण उतरून गवतात बसला दहा मिनिटं, आणि रात्री जेवताना पहिल्यांदाच म्हणाला की उद्या उतारावर तू पुढे राहा.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला निघालो. पोर्दोईच्या वळणांचे नंबर मोजत चढले, मध्येच कधीतरी मला मजा यायला लागली, ती का ते सांगता येत नाही. वर कोप्पीपाशी याने खरंच बॅटरी बंद केली आणि शेवटचे दोनशे मीटर पायांवर गेला, तोंड लालबुंद. कानाझेईच्या आधीचा फाटा चुकलो नाही, इन्सब्रुकवासी धन्यवाद. सेला खरंच खडा आहे, टर्बो लावून पण मांड्या भरल्या, पण समोर सासोलुंगो डोंगर असा उभा राहतो की थांबायला कारण लागत नाही. जेवायला तिथेच थांबलो, चार्जर याचा लावला, माझा नाही, माझी ४१ टक्के शिल्लक होती आणि याची १७. वॅट_किती यांचं गणित बरोबर आलं, फक्त याचे पाय १०० वॅट देत नसावेत.

गार्देनाला पोचेपर्यंत अडीच वाजले, ढग आले, कोल्फोस्कोच्या वर थेंब सुरू झाले आणि ओल्या रस्त्यावर आम्ही अगदी मुंगीच्या चालीने उतरलो, मी पुढे. सव्वातीनला कोर्वारा. पाऊस संध्याकाळी उघडला तेव्हा गावामागचा सासोंगेर डोंगर गुलाबी झाला होता, हॉटेलवाल्या बाईंनी सांगितलं याला लादिनमध्ये एनरोझादिरा म्हणतात. हा तेव्हा झोपला होता.

एक प्रश्न माझा आहे. पुण्यात भाड्याने चांगली ई-बाइक कुठे मिळते? सिंहगडासाठी हवीये. फक्त माझ्यासाठी.