प्रोसेसर बदलायचाय, बोर्ड नाही. काय घेऊ?

खुडबुड्या: सध्या एएमडीचा रायझन ५ २६०० आहे, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम. कोडचा प्रोजेक्ट बिल्डला (कोडपासून प्रोग्राम तयार करायला) लावला की अंघोळ उरकून येता येतं. पैसे फक्त मधल्या फळीतल्या चिपपुरते आहेत. बोर्ड आणि रॅम बदलणार नाही, आधीच सांगतो.

नवाकोरा: सरळ एएम५ वर (एएमडीच्या नव्या सॉकेटवर) जा. मी ९८००एक्स३डी घेतलाय, उडतोय नुसता. बोर्ड आणि डीडीआर५ घ्यावी लागेल, पण एकदाच काय ते.

खुडबुड्या: दादा, पहिली पोस्ट वाचा की.

निळा_झेंडा: इंटेलच घे. माझा आय५ आठ वर्षं चालतोय, चिप आणि कूलरमधली पेस्टसुद्धा बदलली नाही.

तळघर: त्याच्या बोर्डात इंटेल बसवणार कसा? ठोकून? आणि इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचं २०२४ मधलं प्रकरण विसरलात वाटतं. व्होल्टेजपायी चिपा खराब व्हायला लागल्या, मायक्रोकोड (चिपच्या आतला कोड) नवा काढावा लागला, वॉरंटी दोन वर्षं वाढवली.

निळा_झेंडा: वाढवली ना? मिटलं मग. तुमच्या एएमडीकडे स्वतःचा कारखाना तरी आहे का? २००९ मध्येच वेगळा काढला. आता सगळी भिस्त टीएसएमसीवर, तैवानच्या चिप कारखान्यावर.

तळघर: इंटेलच्याच ॲरो लेक चिपांचे कोर कोण बनवतं? टीएसएमसीच. आणि तुमच्या आय५ मधलं ६४-बिट तंत्र एएमडीने २००३ मध्ये आणलेलं, इंटेलने मागाहून उचललं.

पिनवाकडी: भांडणं नंतर. खुडबुड्या, बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) आधी जुन्याच चिपवर अपडेट कर, नाहीतर नवी बसवल्यावर काळी स्क्रीन. मग ५७००एक्स घे: ८ कोर, आणि वॅट २६०० इतकेच, ६५. आणि कूलर काढण्याआधी मशीन पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ दे, मग बंद करून डावीउजवीकडे फिरवत सोडव. मी थंडच ओढला. चिप कूलरला चिकटून वर आली, तीन पिना आडव्या. सुईने सरळ करताना एक मोडली.

गेमाडपंथी: ५८००एक्स३डी! ९६ एमबी कॅश, गेमला एक नंबर!

तळघर: तो गेम खेळतो असं म्हणाला कुठे?

गेमाडपंथी: सगळेच खेळतात. सांगत नाहीत.

नवाकोरा: बायोसला +१. तरी एएम५ च.

खुडबुड्या: आभार मंडळी. काल बिल्ड चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बसलो. रॅम काठोकाठ, डिस्क १०० टक्के, प्रोसेसर निम्म्यावर रेंगाळतोय. म्हणजे अडतंय रॅमपाशी. आणखी १६ जीबी मागवली. २६०० राहतोय.

पिनवाकडी: रॅम बदलणार नव्हतास ना?

खुडबुड्या: बदलली कुठे, वाढवली.

निळा_झेंडा: इंटेल असता तर ही वेळच आली नसती.